बेहड्याचा प्रवासी निवारा

एका जंगलात झाडं होती.

हसू नका, मुलांनो. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. कारण गोष्टीच्या मधोमध ती नाहीशी होणार आहेत, आणि तेव्हा कुणी कुऱ्हाड चालवली असं तुम्हाला वाटायला नको. ती जागच्या जागी उभी राहूनच नाहीशी होणार आहेत.

तर जंगल दाट होतं. इतकं, की भर दुपारीसुद्धा वाटेवर ऊन पडायचं नाही, उन्हाचे ठिपके पडायचे. जंगलाच्या वरच्या अंगाला एक सडा होता. सडा म्हणजे कातळाचं उघडंबोडकं पठार. तिथे पावसाळ्यात बोटभर गवत उगवायचं आणि दिवाळीनंतर तेही गाशा गुंडाळायचं. झाड म्हणाल तर औषधालाही नव्हतं.

या जंगलात एक धनेश राहायचा. धनेश हा मोठा पक्षी. त्याची चोच बघून वाटतं की आधी चोच जन्माला आली आणि मग कुणीतरी तिला मागून पक्षी जोडला.

धनेशांच्या घराण्यात एक रीत आहे. अंडी घालायची वेळ आली की धनेशीण एखाद्या जुन्या झाडाच्या ढोलीत जाऊन बसते आणि आतून दार लिंपून घेते. चिखल, फळांचा गर, घरात जे काही निघेल ते लावते. चोच बाहेर येईल एवढी चीर फक्त ठेवते. मग आत तिचे पंख गळून पडतात. पिल्लं मोठी होईपर्यंत तिला उडता येत नाही की बाहेर येता येत नाही. नवऱ्याने फळं आणायची आणि चिरेतून भरवायची. हे सगळं लग्नाआधी नीट समजावून सांगतात.

आपल्या धनेशाची बायको ओढ्यावरच्या जुन्या बेहड्यात बसली होती.

"आज पुन्हा उंबरच?" ती चिरेतून विचारायची.

"काल जांभळं आणली होती की."

"काल नाही, परवा. आत अंधार असला म्हणून मला दिवस कळत नाही असं समजू नका."

असं त्यांचं सुखात चाललं होतं.

एकदा वाघमहाराजांकडे शेजारच्या जंगलाचा राजा पाहुणा आला. जेवण झालं. पान खाता खाता पाहुण्याने विचारलं, "तुमच्याकडे झाडं किती?"

"बरीच आहेत," महाराज म्हणाले.

"आमच्याकडे मोजलेली आहेत," पाहुणा म्हणाला आणि फोन काढून हिरव्या ठिपक्यांचा नकाशा दाखवू लागला.

महाराजांना पान कडू लागलं. पाहुणा गेल्या गेल्या त्यांनी मुंगूस प्रधानाला बोलावलं. प्रधानाने शेकरूला बोलावलं.

ही शेकरू नुकतीच परदेशातून झाडांचं शास्त्र शिकून आली होती. शिकायला गेली तो वाळवंटी मुलूख होता. तिथे झाडं थोडी, त्यामुळे शास्त्र भरपूर. पोरगी गुणी होती. तिला जंगलाची खरी कळकळ होती. बोलायला लागली की तिची झुबकेदार शेपटी आपोआप ताठ व्हायची.

"ज्याची ओळख नाही त्याला आपण वाचवू शकत नाही," ती दरबारात म्हणाली. "प्रत्येक झाडाला नाव हवं, जागा हवी, नकाशावर एक ठिपका हवा. मग कुणाची बिशाद आहे त्याला हात लावायची?"

मुलांनो, ती खरं बोलत होती. पुढे जे घडलं त्याने तिचं बोलणं खोटं ठरत नाही. हे ध्यानात ठेवा, मला पुन्हा सांगायला लावू नका.

शेकरूने एक ॲप तयार केलं. नाव ठेवलं 'पानोपानी'. काम सोपं होतं. झाडापाशी जायचं. फोटो काढायचा. बुंध्याला टेप गुंडाळून घेर बघायचा. 'जमा करा' हे बटण दाबायचं. की पडला नकाशावर ठिपका. मोजणीचं काम वानरांना मिळालं, कारण झाडांवर त्यांचं येणंजाणं होतंच.

धनेशाला ही कल्पना फार आवडली. त्याने वानरांच्या मुकादमाला स्वतः बेहड्यापाशी आणलं.

"जात?" मुकादमाने विचारलं.

"बेहडा."

"वय?"

"माझ्या पणजीचं बाळंतपण याच ढोलीत झालं."

"'जुना' लिहितो. आत कुणी आहे का?"

"मंडळी आहेत."

"कोण आलंय?" ढोलीतून आवाज आला. "फळबिळ विचारलंत का त्यांना?"

मुकादमाने फळ खाल्लं, फोटो काढला, घेर मोजला आणि बटण दाबलं. फोन म्हणाला, 'नेटवर्क नाही. पुन्हा प्रयत्न करा.' मुकादम शेंड्यावर चढला. पुन्हा प्रयत्न केला. शेपटीला लोंबकळून केला. नेटवर्क नव्हतं.

"नेटवर्क येतं ते फक्त सड्यावर," तो खाली उतरत म्हणाला. "काळजी करू नकोस. झाड काय पळून जातंय? वर जाऊन जमा करतो."

सगळ्याच वानरांनी तसं केलं. त्यांना नावं ठेवू नका. त्यांनी काट्यातली झाडं सोडली नाहीत, कड्यावरची सोडली नाहीत. प्रत्येकाचा फोटो काढला, प्रत्येकाला मिठी मारून घेर घेतला. मग सड्यावर ओळीने बसून त्यांनी बटणं दाबली.

फोनला मात्र एवढंच कळत होतं, की बटण जिथे दाबलं, झाड तिथे आहे.

नकाशाचं उद्घाटन थाटात झालं. पडदा बाजूला सरकला. सड्यावर हिरवागार गोळा होता. ठिपक्यावर ठिपका, मुंगी शिरायला जागा नाही. बाकीचं जंगल पांढरं स्वच्छ.

दरबार माना वाकड्या करून नकाशा बघू लागला. मुंगूस प्रधान मात्र प्रधान उगीच झाला नव्हता.

"महाराज," तो म्हणाला, "सड्याने कमाल केली."

"आणि मी राहतो तिथे काय आहे?" महाराजांनी विचारलं.

"मोकळी जागा."

"पण मला तिथे सावली लागते."

"सवयीची असेल, महाराज."

महाराज विचारात पडले. मग त्यांनी घोषणा केली, की एवढी मोकळी जागा आपल्या राज्याला शोभत नाही, तिथे झाडं लावा. टाळ्या पडल्या. शेकरूने सगळ्यांपेक्षा जोरात वाजवल्या. नकाशाकडे बघून तिला काहीतरी खुपलं होतं. पण एवढी मोठी लागवड कुठल्याही जंगलाने आजवर केली नव्हती, आणि त्या आनंदात ती नकाशा पुन्हा बघायला विसरली.

हुकूम निघाला. लागवडीच्या जागेवर जे काही उभं असेल ते आधी हटवावं.

दोन दिवसांनी धनेश उंबरं घेऊन घरी आला, तर हत्तीआप्पा बेहड्याला पाठ घासत उभे होते. सोंडेत फोन होता. जंगल साफ करायचा ठेका त्यांना मिळाला होता. ते सकाळी सड्यावर जाऊन नकाशा फोनमध्ये भरून आणायचे आणि मग कामाला लागायचे.

"आप्पा, इकडे कुठे?"

"जागा बघायला आलोय. इथे झाडं लावायचीत."

"इथे झाड आहे."

आप्पांनी फोनमध्ये बघितलं. "नाही."

"तुम्ही पाठ कशाला घासताय?"

आप्पा थांबले. वळून त्यांनी बेहड्याकडे खालपासून वरपर्यंत नीट पाहिलं. मग पुन्हा फोनकडे पाहिलं. "मलाही आधी तसंच वाटलं होतं," ते म्हणाले. "पण यात नाही. अतिक्रमण असणार."

"आत माझी बायको आहे, आप्पा."

"मग तिला चार दिवस माहेरी पाठव."

"तिचे पंख गळलेत. अंड्यांवर बसलीय."

आप्पा मनाने वाईट नव्हते. त्यांनी कान हलवले. "मी खालच्या वळणापासून सुरुवात करतो," ते म्हणाले. "इथवर यायला वेळ लागेल. तेवढ्यात ठिपका घेऊन ये. ठिपका दिसला तर मी पाठसुद्धा घासणार नाही."

धनेश थेट प्रधानाकडे गेला.

"ओढ्यावरचा बेहडा?" प्रधानाने फोन चाळला. "आहे की. सड्यावर आहे. तक्रार काय?"

"तो सड्यावर नाही, प्रधानजी. ओढ्यावर आहे."

"म्हणजे झाड जागेवरून हललं, असं तुझं म्हणणं."

"झाड नाही हललं."

"मग नकाशा हलला?"

धनेशाने चोचीने ओढ्याची दिशा दाखवली. प्रधानाला त्याची कीव आली. "हे बघ, दुरुस्तीची सोय ठेवलीय," तो म्हणाला. "झाड घेऊन सड्यावर ये. नेटवर्कमध्ये दाखव. आम्ही तपासून घेऊ."

तिथून धनेश शेकरूकडे गेला.

"काका, माहिती खोटं बोलत नाही," शेकरू म्हणाली.

"नसेल बोलत. तू एकदा चल, पोरी."

शेकरू आली. बेहड्यावर सरसर चढली. दोन फांद्यांच्या बेचक्यात आरामात बसली आणि तिने 'पानोपानी' उघडलं. फोन म्हणाला, 'तुम्ही मोकळ्या जागेत आहात.'

तिने बसल्या फांदीला हात लावून बघितला. मग फोन झटकला. मग हळूहळू तिची शेपटी खाली आली. तिने आयुष्यात पहिल्यांदाच आपलं ॲप झाडावर बसून उघडलं होतं.

ती तशीच दरबारात गेली. "महाराज, चूक झालीय," ती म्हणाली. "माझीच आहे. ठिपके खाली आणायला हवेत."

महाराजांनी मिशीवरून पंजा फिरवला. "खाली आणले, तर सड्यावर काय उरेल?"

"काहीच नाही."

"म्हणजे माझ्या राज्यात एक अख्खं वन नाहीसं झालं, असं नकाशावर दिसणार?"

"पण ते वन नव्हतंच, महाराज."

"शेजारच्या राजाने त्याबद्दल अभिनंदन केलंय," प्रधान म्हणाला. "तो बघायला येणार आहे. आता नव्हतं म्हणून कसं चालेल?"

शेकरू परत येऊन बेहड्याखाली बसली. खालच्या वळणाकडून कडकड आवाज आला. मग धप्प. आप्पा कामसू होते.

धनेशाने बायकोला यातलं काही सांगितलं नव्हतं. तो गुमान चिरेतून उंबर भरवू लागला.

"अहो," आतून आवाज आला. "चोच का थरथरतेय तुमची?"

"वारा आहे."

"वारा असता तर झाड हललं असतं. सांगा काय झालं ते."

मग त्याने सगळं सांगितलं. ठिपके, सडा, आप्पा, प्रधान. ढोलीत अंडी सरकवल्याचा आवाज आला.

"मला एक सांगा," धनेशीण म्हणाली. "या खोडावरून साप जातो ना?"

"रोज जातो."

"कधी थांबला?"

"नाही."

"का नाही थांबला? त्याला दार दिसत नाही म्हणून. मी दाराला सालीचं सोंग दिलंय. इथे दार आहे, आत अंडी आहेत, अशी पाटी लावली असती, तर तुम्ही आज कुणाला भरवत असता? आणि तुम्ही दोघं सगळ्या जंगलात ओरडत सुटलाय, झाड आहे, झाड आहे. त्यांना नकोच आहे ते. ही पोरगी शिकलेली आहे. तिला विचारा, आप्पा कशाकशाला हात लावत नाहीत."

शेकरूने मान वर केली. "मंजूर काम," ती पुटपुटली. "आप्पा मंजूर कामाला हात लावत नाहीत. दरबाराने मंजूर केलेलं बांधकाम. प्रधानजींनी ती सोय ॲपमध्ये मागाहून घालून घेतली."

"मग कर की जमा," धनेश म्हणाला. "पण इथे नेटवर्क नाही. तू सड्यावर जाऊन बटण दाबलंस तर हेही सड्यावर जाईल."

"नाही जाणार. मंजूर काम कुठूनही जमा करता येतं, आणि जमा झालं की मंजूरच धरलं जातं. सड्यावर बसून नकाशावर हवं तिथे बोट ठेवायचं."

"झाडाला का नाही तशी सोय?"

"झाड असतं, म्हणून त्याच्यापाशी जावं लागतं, काका. मंजूर काम बऱ्याचदा नसतंच. मग कुठे जाणार?" एवढं बोलून शेकरू एकदम ताठ बसली. "पण मी खोटी माहिती भरणार नाही. झाड वाचवायला मी झाडाबद्दल खोटं बोलले, तर शिकले कशाला?"

"खोटं कोण बोल म्हणतंय?" आतून आवाज आला. "पावसात या बेहड्याखाली कोण कोण थांबतं?"

"ससे. भेकरं. येणारेजाणारे सगळेच."

"आणि उन्हात?"

"तेच सगळे."

"मग अशा जागेला तुमच्या त्या फोनात काय म्हणतात?"

शेकरू यादी वाचू लागली. "विश्रामगृह. उद्यान. कमान. प्रवासी निवारा." ती थांबली. तिने वर पसरलेल्या पानांकडे पाहिलं. शेपटी हळूच उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच शेकरू सड्याकडे पळाली आणि आप्पा बेहड्यापाशी पोचले. त्यांची चुकामूक झाली.

आप्पांनी कपाळ खोडाला टेकवलं. खोड करकरलं. आत अंडी एकमेकांवर आपटली.

"आप्पा," धनेश फांदीवरून म्हणाला, "आजचा नकाशा भरून आणलात का?"

"कालचाच आहे. रोज काय बदलणार?"

"एकदा जाऊन या."

"सडा काय जवळ आहे का? मला अजून पलीकडचा उतार साफ करायचाय."

"आप्पा, तुम्ही या झाडाला पाठ घासलीत."

आप्पांनी कपाळ मागे घेतलं. थोडा वेळ ते कान हलवत उभे राहिले. हत्तीच्या पाठीला कुठे खाज सुटते आणि ती कुठे भागते, हे हत्ती विसरत नाही. "पाय दुखले तर तू चेपायचेस," ते म्हणाले आणि सड्याच्या वाटेला लागले.

धनेश वाट बघत बसला. बायकोला काय भरवलं ते त्याला आठवलं नाही. तिने काय खाल्लं ते तिलाही आठवलं नाही.

ऊन चढल्यावर आप्पा परतले. बेहड्यासमोर उभे राहिले. फोन एका डोळ्याजवळ धरून त्यांनी सावकाश वाचलं, "प्रवासी निवारा. मंजूर काम. बांधकाम पूर्ण."

मग वर बघितलं. "काम चांगलं झालंय," ते म्हणाले. "छप्पर जरा उंच घेतलंय, पण हवा खेळती राहील." ते अदबीने वळसा घालून पलीकडे गेले. जाताना त्यांनी पाठ घासली नाही.

धनेशीण आतून म्हणाली, "आता जांभळं आणा."

ही बातमी जंगलात पसरायला कितीसा वेळ लागतो? दुपारपर्यंत शेकरूसमोर रांग लागली. माकडं आली, घुबडं आली, मधमाश्या अख्ख्या पोळ्यानिशी आल्या. शेकरूने प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला, "तुमच्या झाडाखाली खरोखर काय चालतं?" आणि तेच भरलं. वडाखाली पंचायत बसायची, तो सभामंडप झाला. उंबरावर सगळं रान जेवायचं, ते अन्नछत्र झालं. पांगाऱ्यावर पाखरांची पिल्लं पहिली झेप घ्यायला शिकायची, ती शाळा झाली. हिरड्याची साल औषधाला जायची, तो दवाखाना झाला.

काही दिवसांत जंगल मंजूर कामांनी गच्च भरलं. रोपं लावायला जागाच उरली नाही. त्यामुळे लागवड यशस्वी झाल्याचं दरबाराने जाहीर केलं.

शेकरू अजून 'पानोपानी'वर काम करते आहे. नेटवर्क नसतानाही बटण दाबलं तिथेच ठिपका राहील, अशी सोय तिने केली आहे, आणि आता ती ते आधी झाडावर बसून बघते. एक दिवस या जंगलात झाडाची नोंद झाड म्हणून करता येईल, असं ती म्हणते. ती हट्टी आहे. ती ते करेल.

पण तोवर शेजारचा राजा सड्यावरचं वन बघायला आला. वाघमहाराज आणि प्रधान त्याला घेऊन भर उन्हात कातळावर उभे राहिले. प्रधानाने फोन समोर धरला.

"वा," पाहुणा म्हणाला, "फारच दाट." आणि त्याने डोक्यावर उपरणं घेतलं.

पाय पोळायला लागले तसे तिघं घाईघाईने खाली उतरले आणि पहिली सावली दिसली तिथे थांबले. ती बेहड्याची होती. पाहुणा बुंध्याला टेकून बसला. महाराजांनी डोळे मिटून मोठा श्वास घेतला.

त्याच वेळी धनेशीण दाराचं लिंपण फोडत होती. ढलपा खाली पडला. आधी तिची चोच बाहेर आली, मग नव्या पंखांची ती स्वतः. तिच्यामागून दोन पिल्लांनी डोकी काढली.

"निवारा छान बांधलाय," महाराज म्हणाले. "ठेकेदार कोण?"

"जुनं काम आहे, महाराज," धनेश म्हणाला.

महाराजांनी वर पाहिलं. "आणि ते वर कोण बसलंय?"

धनेशाने बायकोकडे बघितलं. बायकोने मान डोलावली.

"प्रवासी," तो म्हणाला.

तात्पर्य: झाडं लावा, झाडं जगवा, आणि ती झाडं आहेत हे कुणाला कळू देऊ नका.